तीन मिलिमीटरचा हिशेब

ज्यांच्या घरी एके काळी स्कूटर होती, त्यांना हे दृश्य नक्की आठवेल. शाळेची वेळ झालेली, किक मारून मारून पाय दुखायला लागलेला आणि स्कूटर काही सुरू होत नाही. मग तिला एका बाजूला चांगली आडवी करायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करून पुन्हा किक मारायची. पुष्कळदा ती सुरू व्हायची. का सुरू झाली, हे मात्र सहसा कुणी विचारत नसे.

आडवी केल्यावर कार्ब्युरेटरमधल्या छोट्या वाटीतली पेट्रोलची पातळी बिघडते आणि थोडं जास्तीचं पेट्रोल इंजिनाच्या वाटेला जातं. गार इंजिनाला तेवढंच हवं असतं. म्हणजे आपण कळत-नकळत एका मोजमापाच्या यंत्राला फसवत होतो. ‘मोजमापाचं यंत्र’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले आहेत. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारी वस्तू, असं आपण शिकतो आणि शिकवतो. पण मिसळणं हा त्याच्या कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग आहे मोजण्याचा. कार्ब्युरेटरचा जवळजवळ सगळा इतिहास ह्या मोजण्याचा आहे.

हा इतिहास आम्ही एका प्रश्नाच्या निमित्ताने सांगणार आहोत. अमेरिकेत वाळूच्या टेकड्यांवर, शेतांत आणि डोंगरांत फुगीर टायरांच्या, हँडलने वळवायच्या चारचाकी गाड्या चालवतात. त्यांना ‘एटीव्ही’ किंवा नुसतं ‘क्वाड’ म्हणतात. २००३ साली सुझुकीने एलटी-झेड ४०० नावाची अशी एक क्वाड बाजारात आणली. तिच्या कार्ब्युरेटरचा व्यास होता ३६ मिलिमीटर. शर्यतींची हौस असणारे तो काढून ३९ मिलिमीटरचा बसवू लागले. मोठं तोंड, जास्त हवा, जास्त ताकद, असा सरळ हिशेब. पण नुसतं मोठं तोंड बसवून भागत नाही. मोकळ्या मैदानात पळणारी गाडी वळणावरून बाहेर पडताना खोकू लागते, एखाद वेळी बंदच पडते. तीन मिलिमीटरने असा काय फरक पडतो?

नऊ हजार लिटर हवा

आधी किती मोजायचं ते पाहू. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. सोयीसाठी त्याला ऑक्टेन मानू. ऑक्टेनच्या ज्वलनाचं समीकरण अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना मांडता येईल. एक मोल, म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेन पूर्ण जळायला साडेबारा मोल, म्हणजे ४०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. तेव्हा हवा लागेल सुमारे १७४० ग्रॅम. गुणोत्तर आलं साधारण १५ ला १. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी ते १४.७ ला १ धरतात.

हे वजनाचं झालं. आकारमानात मांडलं की चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा कोठीभर हवेत एक लिटर पेट्रोल सारखं पसरवायचं, हे कार्ब्युरेटरचं काम.

ह्या प्रमाणात थोडी सवलत आहे. पूर्ण ताकद हवी असेल तर १३ ला १ च्या आसपासचं, म्हणजे पेट्रोल थोडं जास्त असलेलं मिश्रण चांगलं. त्याला मेकॅनिक ‘रिच’ म्हणतात. पेट्रोल कमी पडलं की ‘लीन’. फार रिच झालं तर प्लग काळा पडतो, धूर होतो, पेट्रोल वाया जातं. लीन झालं तर इंजिन जास्त तापतं, आणि भर वेगात तसंच चालवत राहिलं तर पिस्टनला भोकही पडू शकतं.

वात, ब्रश आणि औषधाचं दुकान

सुरुवातीच्या इंजिनांना हा प्रश्न नव्हता. १८६० सालचं लेनवारचं इंजिन आणि १८७६ सालचं ऑटोचं इंजिन कोळशापासून केलेल्या वायूवर चालत. वायू नळाने यायचा. इंजिन जागेवरून हलवायचं ठरलं, तेव्हा इंधन सोबत नेणं भाग पडलं आणि द्रवाची वाफ करण्याची गरज निर्माण झाली.

पहिले उपाय घरगुती वाटावेत असे होते. दिव्यासारखी वात इंधनात बुडवून तिच्यावरून हवा न्यायची, फिरत्या ब्रशने इंधनाचे तुषार उडवायचे, किंवा इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा वाहू द्यायची. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीत ही पृष्ठभागाची पद्धत होती. ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली. वाटेत इंधन संपत आलं, तेव्हा तिने वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं. कपड्यांवरचे डाग काढायला वापरायचा हा हलका पेट्रोलियम पदार्थ. तो पटकन उडतो, म्हणूनच गाडी चालली.

पण पृष्ठभागाच्या पद्धतीत एक खोट होती. मिश्र द्रवातले हलके घटक आधी उडून जातात आणि जड घटक मागे राहतात. त्यामुळे टाकी भरलेली असताना मिळणारं मिश्रण वेगळं आणि तळाशी आल्यावर मिळणारं वेगळं. शिवाय बाष्पीभवनाने द्रव गार होतो आणि बाष्पीभवन मंदावतं. वाफ तर मिळत होती, पण किती मिळेल ह्याची खात्री नव्हती.

१८९३ साली ह्यावर दोन ठिकाणी सारखाच उपाय निघाला. बुडापेस्टमध्ये दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फेब्रुवारीत पेटंटसाठी अर्ज केला. त्याच वर्षी जर्मनीतल्या विल्हेल्म मायबाखने आपल्या रचनेचं पेटंट घेतलं. दोन्हींचं तत्त्व एकच. एका वाटीत फ्लोटच्या मदतीने इंधनाची पातळी स्थिर ठेवायची. वाटीतून एक बारीक नळी हवेच्या वाटेत आणायची. हवा वेगाने गेली की नळीतून इंधन ओढलं जाऊन तुषार उडतात. एका फुलवालीला फुलांवर पाण्याचे तुषार उडवताना पाहून ही कल्पना सुचली, अशी गोष्ट हंगेरीत सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा नसो, तत्त्व तेच आहे.

गळा आणि ओढ

ह्या तत्त्वामागचं विज्ञान तेव्हा जुनं झालेलं होतं. प्रवाहाचा वेग आणि दाब यांचा संबंध दानिएल बेर्नुली यांनी १७३८ साली पुस्तकात मांडला होता. इटलीतल्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांनी मध्ये निमुळत्या होणाऱ्या नळ्यांवरचे प्रयोग १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. नळी अरुंद झाली की वेग वाढतो आणि दाब घटतो. जवळजवळ ९० वर्षांनी, १८८७ मध्ये, क्लेमेन्स हर्शेल ह्या अमेरिकन अभियंत्याने त्याचा मीटर केला. होल्योक गावातल्या गिरण्या कालव्याचं पाणी वापरत. कुणी किती पाणी घेतलं ते मोजायचं होतं. हर्शेलने नळीला गळा दिला, गळ्यातला दाब मोजला आणि त्यावरून प्रवाह काढला. ह्या मीटरला त्याने व्हेंचुरीचं नाव दिलं.

कार्ब्युरेटरच्या गळ्याचं कामही हेच आहे. किती हवा गेली ते गळा मोजतो आणि तेवढ्या प्रमाणात पेट्रोल ओढतो. फक्त इथे आकडा वाचायला कुणी माणूस नाही. दाब कमी होणं हेच मोजमाप आणि तीच आज्ञा.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग असा. ग्लासात पाणी घ्या. एक स्ट्रॉ त्यात उभी धरा, वरचं टोक पाण्याच्या थोडंसंच वर राहू द्या. दुसऱ्या स्ट्रॉमधून त्या टोकावर आडवी फुंकर मारा. पाणी चढतं आणि जोरात फुंकलं तर तुषार उडतात. शिक्षकांसाठी एक सूचना. इथे हवा मोकळी आहे, ती नळीत कोंडलेली नाही. उभ्या स्ट्रॉच्या कडेवरून हवा वळते म्हणून तिथला दाब घटतो. कार्ब्युरेटरमध्ये तो गळा अरुंद असल्यामुळे घटतो. ह्या दोन गोष्टी वर्गात एकच म्हणून सांगू नयेत. आमच्या पुढच्या हिशेबाला एवढं पुरे, की ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट.

एका चुकीची तीन उत्तरं

ओढ वर्गाच्या प्रमाणात, आणि जेटच्या भोकातून येणारं पेट्रोल ओढीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे हवा दुप्पट झाली की पेट्रोलही दुप्पट व्हावं. कागदावर मोजमाप अचूक आहे. प्रत्यक्षात ते दोन्ही टोकांना चुकतं. हवा मंद असली तर पेट्रोल वाटीतून नळीच्या तोंडापर्यंत चढवण्यातच ओढ खर्च होते, म्हणून मिश्रण लीन. हवा फार वेगाने गेली तर गळ्यात ती विरळ होते, पेट्रोल मात्र विरळ होत नाही, म्हणून मिश्रण रिच.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ह्या एका चुकीला तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली. फ्रान्समधल्या आर्थर क्रेब्सने १९०२ मध्ये, वेग वाढला की आपोआप उघडणारी जादा हवेची झडप बसवली. लिआँ शहरातल्या फ्रान्स्वा बाव्हरेने १९०६ मध्ये दुसरा जेट जोडला. ह्या जेटमागची छोटी विहीर हवेला खुली होती. त्यामुळे तो ओढ कितीही वाढली तरी ठरावीकच पेट्रोल देई, आणि हवा वाढली की त्याचा वाटा कमी पडत जाई. एका जेटचा कल रिचकडे, दुसऱ्याचा लीनकडे. दोघांची बेरीज जवळजवळ स्थिर. ‘झेनिथ’ कार्ब्युरेटर तो हाच. गणिताच्या शिक्षकांनी ह्याचा आलेख जरूर काढून पाहावा.

तिसरं उत्तर इंग्लंडमधल्या स्किनर बंधूंचं. हे घराणं पादत्राणांच्या धंद्यातलं. त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता होता. ‘एसयू’ ह्या नावातला एस म्हणजे स्किनर. त्यांनी विचारच उलटा केला. हवा बदलली की ओढ बदलते, हीच अडचण असेल तर गळाच बदलू द्यावा. हवा वाढली की भाता (नंतरच्या काळात पितळी पिस्टन) वर उचलला जाई आणि गळा रुंद होई. त्यामुळे वेग आणि ओढ साधारण तेवढीच राही. पिस्टनला खाली एक निमुळती सुई जोडलेली, ती जेटच्या भोकातून वर येई आणि तेवढं जास्त पेट्रोल सोडी.

मोटारसायकलवाल्यांनी चौथी, सोपी वाट धरली. गळ्यातली स्लाइड आणि तिची सुई सरळ तारेने हाताच्या मुठीला बांधली. मूठ पिळली की स्लाइड वर. १९२७ साली तीन कंपन्या एकत्र येऊन झालेल्या बर्मिंगहॅमच्या ‘अमाल’ने ही पद्धत रूढ केली. जपानच्या ‘मिकुनी’ने १९६० मध्ये अमालशीच तांत्रिक करार केला. तेव्हापासून ह्या घराण्याचे कार्ब्युरेटर जगभरच्या दुचाकींवर दिसू लागले.

स्किनरच्या पद्धतीत गळा किती उघडायचा ते हवा ठरवते. अमालच्या पद्धतीत ते चालवणाऱ्याचा हात ठरवतो. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

वाटीतलं वादळ

मोजमाप चुकलं तर काय होतं, हे १९४० साली वैमानिकांनी जिवावर बेतेपर्यंत अनुभवलं. ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनाला फ्लोटची वाटी असलेला एसयू कार्ब्युरेटर होता. जर्मन मेसरश्मिट विमानाच्या इंजिनात पेट्रोल थेट फवारलं जाई. जर्मन वैमानिक नाक खाली दाबून एकदम सूर मारत. ब्रिटिश वैमानिकाने तसंच केलं की वाटीतलं पेट्रोल वरच्या बाजूला फेकलं जाई, जेट उघडा पडे आणि इंजिन अडखळे. तेवढ्यात फ्लोटची झडप सताड उघडे, पंप पेट्रोल ढकलत राही आणि इंजिन पेट्रोलात बुडे. आधी लीन, लगेच रिच, आणि मधल्या काही सेकंदांत शत्रू निसटून जाई किंवा गाठे. उपाय म्हणून विमान आधी उलटं करून मग सूर मारावा लागे.

फार्नबरोच्या संशोधन संस्थेत बिअट्रिस शिलिंग नावाच्या अभियंता होत्या. १९३४ साली ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर मोटारसायकलवरून ताशी १०० मैलांपेक्षा जास्त वेगाने फेरी पूर्ण केलेल्या. त्यांनी पेट्रोलच्या नळीत बसवायला एक पितळी तुकडा केला. त्याला नेमक्या मापाचं भोक होतं. इंजिनाला पूर्ण ताकदीत जेवढं पेट्रोल लागतं, तेवढंच त्यातून जाई. त्यामुळे निदान बुडणं थांबलं. १९४१ च्या मार्चपासून त्यांची तुकडी तळातळावर जाऊन हे तुकडे बसवू लागली. त्यासाठी विमान कामातून काढावं लागत नसे. हा काही कायमचा उपाय नव्हता. आधी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, ह्या शिस्तीचं मात्र ते उत्तम उदाहरण आहे.

वाळूवरची गाडी

आता क्वाडकडे येऊ. १९६७ मध्ये होंडाच्या अमेरिकेतल्या शाखेने जपानला कळवलं, की हिवाळ्यात मोटारसायकली विकल्या जात नाहीत, तेव्हा दुकानदारांना विकता येईल असं काही तरी द्या. ओसामू ताकेउची यांच्या गटाने हे काम केलं. १९७० साली ‘यूएस ९०’ ही तीनचाकी आली. ८९ घन सेंटिमीटरचं इंजिन आणि कमी दाबाचे, सुमारे ५५ सेंटिमीटर व्यासाचे फुग्यासारखे टायर. बर्फ, चिखल, वाळू, काहीही चालायचं. पण तीन चाकं वळणावर उलटत. अपघात फार झाले. १९८८ साली अमेरिकेच्या सरकारी ग्राहकसुरक्षा आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांनी नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. तोवर चारचाकी आल्या होत्या.

१९८७ ची यामाहा बॅन्शी आपल्या वाचकांना लांबच्या नात्यातली वाटेल. आपल्याकडे १९८३ पासून मिळणारी ‘राजदूत ३५०’ ही यामाहा आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. बॅन्शीचं इंजिन त्याच घराण्याच्या पुढच्या, पाण्याने थंड होणाऱ्या पिढीतलं. दोन्हींत दोन सिलिंडर, व्यास ६४ आणि स्ट्रोक ५४ मिलिमीटर. बॅन्शीवर २६ मिलिमीटरचे दोन मिकुनी होते. अशा टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलबरोबरच आत जातं. मिश्रण लीन झालं की तेलही कमी पडतं. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये जाम होतो. जेटचा चुकीचा एक नंबर म्हणजे पूर्ण इंजिन खोलणं. अशा गाड्यांच्या धन्यांनी ट्यूनिंग शिकून घेतलं ते हौसेइतकंच ह्या धाकानेही.

तीन मिलिमीटर

एलटी-झेड ४०० चं इंजिन सुझुकीच्याच डीआर-झेड ४०० मोटारसायकलीवरून घेतलेलं. त्या मोटारसायकलीच्या रस्त्यावर चालवायच्या रूपाला ३६ मिलिमीटरचा मिकुनी होता आणि रानात पळवायच्या ‘ई’ रूपाला ३९ मिलिमीटरचा केहिन एफसीआर. कंपनीने क्वाडला ३६ चाच दिला. म्हणजे ३९ चा विचार करणारे काही भलतंच करत नव्हते.

आता हिशेब. इंजिन ३९८ घन सेंटिमीटरचं, एका सिलिंडरचं, फोर-स्ट्रोक. ते मिनिटाला ८००० फेरे घेत असेल तर ४००० वेळा श्वास घेतं, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसव्वीस लिटर हवा. पण श्वास चारांतल्या एकाच स्ट्रोकमध्ये असतो, म्हणून त्या काळापुरता प्रवाह चौपट धरू. ३६ मिलिमीटरच्या गळ्याचं क्षेत्रफळ सुमारे १०.२ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की वेग येतो सेकंदाला सुमारे १०४ मीटर. ह्या वेगाची ओढ पाण्याचा सुमारे ६६ सेंटिमीटर उंच स्तंभ पेलेल एवढी. ३९ च्या गळ्यात क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी जास्त, म्हणून वेग सुमारे ८९ मीटर आणि ओढ ४८ सेंटिमीटर. तरीही भरपूर. शिवाय वाट मोकळी झाल्याने हवा जास्त येते आणि ताकद वाढते. मैदानातला अनुभव बरोबर आहे.

आता वळणावर या. इंजिन २००० फेऱ्यांवर उतरलं आहे आणि चालवणाऱ्याने मूठ एकदम पूर्ण पिळली आहे. वेग चौथाई, म्हणून ओढ एक-सोळांश. ३६ मध्ये पाण्याचे सुमारे चार सेंटिमीटर, ३९ मध्ये फक्त तीन. एवढ्याशा ओढीतून पेट्रोल आधी नळीच्या तोंडापर्यंत चढवायचं आहे. पेट्रोल मागे राहतं, नुसती हवा आत जाते आणि इंजिन खोकतं.

खरा फरक ह्याहून मोठा आहे. कंपनीचा ३६ चा कार्ब्युरेटर स्किनरच्या वंशातला. मूठ कितीही पिळा, त्यातली स्लाइड हवा उचलील तेवढीच उठते. हवा मंद असताना गळा अरुंदच राहतो आणि ओढ टिकते. ३९ चा एफसीआर अमालच्या वंशातला. मूठ पिळली की गळा पूर्ण उघडा. हाताची आज्ञा ताबडतोब पाळली जाते, शर्यतीत तेच हवं असतं. पण मोजमाप त्या क्षणी निकामी होतं. म्हणून त्याला एक छोटा पंप जोडलेला असतो. मूठ पिळताच तो पेट्रोलची एक पिचकारी मारतो आणि हवेला वेग येईपर्यंतची उणीव भरून काढतो. ह्या पिचकारीची वेळ आणि लांबी जुळवणं हाच ३९ बसवणाऱ्याचा खरा उद्योग.

तेव्हा ‘कोणता चांगला?’ ह्या प्रश्नाला उत्तर नाही. ‘कोणत्या वेगाच्या टप्प्यात गाडी जास्त वेळ चालते?’ ह्या प्रश्नाला आहे. शेतात, जंगलात, दगडगोट्यांतून हळू जायचं असेल तर ३६ ची स्वतः सावरण्याची सवय मोलाची. इंजिन सतत वरच्या फेऱ्यांत ठेवणाऱ्याला ३९.

ट्यूनिंगची वही

कार्ब्युरेटर बसवला की तो जुळवायचा असतो. मूठ किती उघडली आहे त्यावरून कोणता भाग पेट्रोल पुरवतो ते ठरतं. अगदी मंद चालीला पायलट जेट आणि स्लोचा स्क्रू. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणून जाणकार मुठीवर पाव, अर्धी, पाऊण अशा खुणांची पट्टी चिकटवतात. तक्रार कोणत्या खुणेवर येते ते आधी पाहायचं.

ह्यातली मौज, किंवा फसगत म्हणा, अशी की रिच आणि लीन दोन्हींचं लक्षण वरून सारखंच दिसतं. गाडी अडखळते. अंदाजाने जेट बदलणारा निम्म्या वेळा चुकतो. म्हणून परीक्षा घ्यायची. गरम इंजिन अडखळत असताना चोक किंचित ओढला आणि ते सुधारलं, तर पेट्रोल कमी पडत होतं. आणखी बिघडलं, तर जास्त होत होतं. पूर्ण मुठीसाठी दुसरी परीक्षा म्हणजे मोकळ्या जागी पूर्ण मुठीवर पळवून इंजिन एकदम बंद करायचं, क्लच दाबून थांबायचं आणि प्लग काढून पाहायचा. काजळी म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक.

क्रमही ठरलेला. आधी एअर फिल्टर साफ, गळती नाही, फ्लोटची पातळी बरोबर, एवढी खात्री करायची. मग मेन जेट, मग सुई, शेवटी पायलट. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. केहिनच्या मेन जेटचा नंबर साधारणपणे भोकाच्या व्यासाचे शतांश मिलिमीटर सांगतो. १४० च्या जागी १४५ घातला तर फरक वाटतो साडेतीन टक्क्यांचा. पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, पेट्रोल वाढतं सात टक्क्यांनी.

वहीत जागेची उंचीही लिहावी लागते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरांत क्वाड सहज ३००० मीटरवर जातात. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७४ टक्के. गळा हवेचं आकारमान ओळखतो, तिचं विरळपण त्याला निम्मंच कळतं. त्यामुळे मिश्रण सुमारे १६ टक्के रिच होतं, आणि १४० च्या जेटच्या जागी १३० च्या आसपासचा लागतो. त्याच राज्यात पाइक्स पीक शिखरावर १९१६ पासून मोटारींची शर्यत होते. सुमारे २८६० मीटरवर सुरू, ४३०२ मीटरवर शेवट. खालून वर जाईतो मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी बदलतं. वाटेत जेट बदलता येत नाही. म्हणून कुठल्या तरी मधल्या उंचीला बरोबर आणि दोन्ही टोकांना थोडं चूक, हे कार्ब्युरेटर लावणाऱ्याला पत्करावंच लागतं.

मोजण्याची नवी रीत

एलटी-झेड ४०० ला २००९ साली इंधन फवारणी, म्हणजे फ्युएल इंजेक्शन आलं. तिची थोरली बहीण एलटी-आर ४५० तर २००६ पासूनच त्यावर चालत होती. हवेचा दाब, तापमान आणि मुठीची स्थिती ही सगळी मोजमापं वेगवेगळ्या संवेदकांकडे गेली आणि पेट्रोलचा हिशेब एका लहानशा संगणकाकडे. उंची बदलली तर तो स्वतःच पेट्रोल कमी करतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा नियम लागू झाले, आणि नव्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल दुचाकींतून कार्ब्युरेटर गेला. धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण क्षणोक्षणी सुधारणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. हवेच्या दृष्टीने झालं ते चांगलंच झालं.

पण रस्त्यावरच्या असंख्य जुन्या गाड्यांत तो अजून आहे, आणि भंगारात निघालेला एखादा कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून शाळेसाठी मागून आणणं अवघड नाही. तो खोलून टेबलावर मांडा. वाटी, फ्लोट, स्लाइड, सुई, दोन जेट. बेर्नुली, व्हेंचुरी, बाव्हरे आणि स्किनर ह्यांची कामं मुलांना बोटांनी चाचपता येतील. आणण्याआधी पेट्रोल पूर्ण काढून, धुऊन, वाळवून घ्यायला मात्र विसरू नका.

आणि एक प्रश्न विद्यार्थ्यांसाठी. मुंबईत नीट जुळवलेली कार्ब्युरेटरची जुनी मोटारसायकल घेऊन कुणी महाबळेश्वरला गेलं. उंची सुमारे १३५० मीटर, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ८८ टक्के. मिश्रण किती टक्क्यांनी रिच होईल? आमचं उत्तर सुमारे सात टक्के येतं. तुमचं तेवढंच येतं का, आणि का, ते वहीत मांडून पाहा.